जॅकवर सगळं ठीकच दिसतं : मोठे ब्रेक बसवल्यावर होज पाइप कुठून न्यायचा?

लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, किंवा गॅरेजमध्ये उभे आहात आणि पटकन काहीतरी शोधायचंय, अशा सगळ्यांसाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जे "अं… म्हणजे…" झालं तेवढं काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मेकॅनिक नाही. बीटेक केलंय, आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी दादाच्या गाडीखाली असतो. त्यामुळे हे ऐकून किंवा वाचून कुणी थेट पाना हातात घेऊ नका. ब्रेकचं काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. पण ते काम नीट झालंय का, हे तपासता तुम्हालाही येऊ शकतं. आजचा विषय तोच आहे.

[००:५०] चेंडू गाडीखाली गेला म्हणून

गोष्ट मागच्या दिवाळीची. दादाकडे जुनी पोलो आहे, आपल्या चाकणच्या प्लांटमधून निघालेली. गाडीवर त्याचा भारी जीव. त्याने पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे लाल कॅलिपर बसवून घेतले होते, अगदी स्पोर्ट्स कारला असतात तसे. सोबत स्टीलची जाळी असलेले नवे होज पाइप. काम एका ओळखीच्या गॅरेजने केलं. गाडी चालवून बघितली, पेडल एकदम कडक, दादा खूश.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ताम्हिणी घाटाने हरिहरेश्वरला जायचं ठरलं होतं. दादा, वहिनी, माझी पाच वर्षांची पुतणी आणि मी. आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पुतणीचा चेंडू गाडीखाली गेला. मी मोबाइलचा टॉर्च लावून वाकलो. जागा अडचणीची, म्हणून दादाने स्टिअरिंग पूर्ण वळवूनच गाडी लावली होती. आणि त्या वळलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला मला काहीतरी चमकताना दिसलं.

होज पाइप टायरला टेकलेला होता. वरचं प्लास्टिकचं आवरण घासून गेलेलं, आतली स्टीलची जाळी उघडी पडलेली आणि तिच्या काही तारा तुटून केसांसारख्या बाहेर आलेल्या. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल चरा.

मी म्हटलं, "दादा, जरा खाली ये."

तो वाकला, बघितलं, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, उद्या आपण घाट उतरणार होतो."

[०२:३०] त्या नळीत नेमकं काय चालतं?

आता थोडी शाळेतली फिजिक्स. तुम्ही पेडल दाबता, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोचतो. गाडीच्या बॉडीला धरून जाते ती धातूची कडक नळी. पण चाक वर-खाली होतं, पुढचं चाक वळतंही. म्हणून शेवटच्या टप्प्यात वाकणारी नळी लागते. तोच आपला होज पाइप.

जोरात ब्रेक मारला की या नळीत साधारण ७० ते १०० बार दाब असतो. तुलना करायची तर तुमच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा असते. म्हणजे टायरच्या तीस-चाळीस पट दाब, आणि तो सांभाळणारी नळी करंगळीएवढी जाड.

"पण ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात ना?" हो, असतात. बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये ती तिरकी असतात, एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं. एक होज फुटला तरी दुसरं सर्किट शिल्लक राहतं. पण पेडल अचानक खोल जातं आणि ब्रेक निम्म्यावर येतो. सपाट रस्त्यावर कदाचित निभावेल. ताम्हिणीच्या उतारावर, वळणात, समोरून एसटी येत असताना? नको.

[०३:५०] कंपनीने तो पाइप तिथूनच का नेला?

मला स्वतःला हे माहीत नव्हतं. नंतर गाडीखाली बसून डोक्यात शिरलं.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. खाली तो ज्या नकलला जोडलेला असतो, त्याच नकलवर कॅलिपर बसतो. त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की चाक, कॅलिपर आणि स्ट्रटचा खालचा भाग एकत्र वळतात.

आता होज बघा. तो बॉडीवरच्या नळीपासून निघतो, मध्ये स्ट्रटवरच्या एका छोट्या ब्रॅकेटमध्ये रबरी बुशने अडकवलेला असतो आणि तिथून कॅलिपरला जातो. म्हणजे त्याचे दोन तुकडे समजा.

वरचा तुकडा बॉडीपासून स्ट्रटपर्यंत. सगळी हालचाल इथे. वळणं, वर जाणं, खाली लटकणं, सगळं हाच सोसतो. म्हणून इथे मोजून-मापून ढील ठेवलेली असते.

खालचा तुकडा स्ट्रटपासून कॅलिपरपर्यंत. दोन्ही टोकं एकत्रच फिरतात, त्यामुळे इथे हालचाल जवळपास नाहीच.

त्या फुटकळ दिसणाऱ्या ब्रॅकेटचं काम हेच आहे. सगळी हालचाल एका सुरक्षित जागेत बांधून ठेवायची आणि बाकीचा पाइप टायरपासून लांब धरायचा.

दादाच्या गाडीत काय झालं होतं? नव्या कॅलिपरमध्ये होज जोडायची जागा मूळ जागेपेक्षा खाली होती. खालच्या तुकड्याला जास्त लांबी लागली, ती वरच्या तुकड्यातून ओढून घेतली. नव्या होजवरचा बुश मूळ ब्रॅकेटमध्ये बसत नव्हता, म्हणून होज झिप टायने स्ट्रटला बांधला. काही महिन्यांत उष्णता आणि कंपनं यांनी झिप टाय तुटला. बंधन गेलं, होज सैल लोंबला आणि स्टिअरिंग पूर्ण वळलं की टायरला घासायला लागला.

एकेक पार्ट सुटा बघितला तर चांगलाच होता. कॅलिपर चांगला, होज चांगला. चुकला तो फक्त रस्ता.

[०५:४०] हॅपी पाथ आणि नऊ टेस्ट केसेस

आमच्या कामात एक शब्द आहे, हॅपी पाथ. युजर सगळं बरोबर टाइप करतो, नेट चालू असतं, अॅप मस्त चालतं. डेमोला सगळे टाळ्या वाजवतात. बग सापडतात ते कडेकोपऱ्यात.

गाडी जॅकवर आहे, चाक काढलंय, स्टिअरिंग सरळ आहे. हा ब्रेकचा हॅपी पाथ. इथे होज नेहमीच छान दिसतो. गॅरेजवाला फोटो काढून पाठवतो, आपण स्टेटसला टाकतो. पण गाडी त्या स्थितीत कधीच चालत नसते.

म्हणून तपासायच्या जागा नऊ. स्टिअरिंगच्या तीन स्थिती: पूर्ण डावीकडे, सरळ, पूर्ण उजवीकडे. सस्पेन्शनच्या तीन: चाक पूर्ण खाली लटकलेलं, नेहमीच्या उंचीवर आणि पूर्ण वर दाबलेलं. तीन गुणिले तीन, नऊ. आणि हे दोन्ही पुढच्या चाकांना वेगवेगळं करायचं. डावं बरोबर आहे म्हणजे उजवं बरोबर असेलच, असं नाही.

प्रत्येक स्थितीत चार प्रश्न विचारा.

एक, होज ताणला जातोय का? सगळ्यात वाईट जागा म्हणजे चाक लटकलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं. तिथेही थोडी ढील उरलीच पाहिजे. ताण जोडावर येता कामा नये.

दोन, कुठे मुडपतोय का? स्टीलच्या जाळीच्या होजमध्ये आत पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनची नळी असते. ती रबरासारखी लवचीक नसते. एकदा चिमटली की घडी कायमची राहते. असा होज सरळ करून वापरायचा नसतो, बदलायचा असतो.

तीन, पीळ पडलाय का? रबरी होजवर बहुधा लांबीच्या दिशेने एक रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे. जाळीच्या होजवर छापलेली अक्षरं बघा. दोरीसारखी फिरलेली दिसली की पीळ आहे. एका टोकाला नट आवळताना दुसऱ्या पान्याने होज धरला नाही की असं होतं.

चार, कशाला टेकतोय का? टायर, रिमची आतली बाजू, स्प्रिंग, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट, एबीएसच्या सेन्सरची वायर. माझा स्वतःचा नियम आहे, हलणाऱ्या कुठल्याही भागापासून निदान दोन बोटं अंतर. आणि लक्षात ठेवा, जाळीचा होज स्वतःही करवतीसारखा घासतो. तो वायरवर टेकला तर वायर कापेल. म्हणून त्यावर आवरण हवं आणि जिथे धरायचा तिथे रबर लावलेली क्लिप हवी. झिप टाय हा ब्रॅकेटला पर्याय नाही. नाहीच.

[०८:००] हे तपासायचं कसं?

चाक लटकलेलं बघणं सोपं. गाडी बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलून स्टँडवर ठेवली की चाक आपोआप खाली येतं. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका. स्टँड पाहिजेच.

चाक वर दाबलेलं बघायला गॅरेजवाले लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून हळूहळू उचलतात. इथे धोका आहे. फार उचललं की गाडी स्टँडवरून सुटू शकते. म्हणून बॉडी हलायला लागायच्या आत थांबायचं. स्प्रिंग लावलेली असताना पूर्ण वरची स्थिती मिळत नाही. ती बघायची तर स्प्रिंग काढावी लागते आणि त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो. हे काम घरी करायचं नाही म्हणजे नाही.

पण चाक लावलेलं असताना आतलं दिसणार कसं? इथे तुमचा मोबाइल कामाला येतो. एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने बाहेरून चाकाच्या कमानीत टॉर्च लावून व्हिडिओ घ्यायचा. गाडी जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, बोटं टायर आणि स्प्रिंगपासून लांब. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत बघा.

अजून एक देशी उपाय: खडू. टायरच्या आतल्या भिंतीवर आणि रिमच्या आतल्या कडेला खडू जाड फासा. मोकळ्या मैदानात अगदी हळू, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दोन-दोन चकरा मारा, एखाद्या स्पीडब्रेकरवरून जा. मग होज बघा. खडूचा डाग पडला असेल तर बग सापडला.

[०९:३०] जोड : इथेही फसतात लोक

रस्ता बरोबर असला तरी टोकं चुकू शकतात. भराभर सांगतो.

आटे. ब्रेकच्या फिटिंगला एम१० बाय १ हे मेट्रिक आटे असतात किंवा ३/८-२४ हे इंची. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, त्यामुळे ते एम१० मध्ये काही वेढे आरामात जातं. पण पकड नसते. दाब आला की निसटू शकतं. किट बाहेरून मागवलं असेल तर हे विचाराच.

फ्लेअर. धातूच्या नळीचं टोक दोन प्रकारे फुलवतात, बबल आणि डबल. एका प्रकारची नळी दुसऱ्या प्रकारच्या बैठकीत बसवली तर गळतेच. आणि हो, नळाला लावतो ती पांढरी टेप इथे लावायची नाही. ब्रेकमध्ये सील आट्यांवर होत नाही, बैठकीवर होतं.

वॉशर. बँजो बोल्ट असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर लागतात, आणि दर वेळी नवे. ते दाबले जाऊन सील करतात, जुने परत दाबले जात नाहीत. बोल्ट किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कनेच आवळायचा. "हाताला कळतं" हे इथे चालत नाही.

होज बनवून घेणं. भोसरीत किंवा कुठल्याही एमआयडीसीत जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करून देणारी दुकानं असतात. "त्यांच्याकडून लांबी वाढवून घेतो" असा मोह होतो. करू नका. त्या पाइपमधलं रबर सहसा खनिज तेलासाठी असतं, आपल्या डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं आणि खराब होतं. आपल्याकडे हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे, अमेरिकेत एफएमव्हीएसएस १०६. घेताना यातलं काही होजवर छापलंय का ते बघा.

आणि काम चालू असताना कॅलिपर होजवर लटकत सोडला असेल तर तिथेच थांबवा. तारेने स्प्रिंगला टांगायला सांगा.

[११:२०] गाडी रस्त्यावर आणण्याआधी

ब्रेकची हवा काढून झाली की इंजिन चालू करून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर लावून बघायचं, ओलावा आला का. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमध्ये गडबड आहे, गाडी हलवायचीच नाही. पेडल स्पंजासारखं लागलं तर आत हवा राहिलीय. कॅलिपरचा हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे ना तेही बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला की निपल खाली जातो आणि हवा निघतच नाही.

नवीन डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा १५५. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघड्या बाटलीतलं जुनं वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मग आधी मोकळ्या जागेत कमी वेगात चालवून बघा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्च घेऊन वाका, आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला.

[१२:३०] कायद्याचं काय?

हा प्रश्न मेसेजमध्ये येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असा निकाल दिलाय. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. अपघातानंतर विचारण्यात काही अर्थ नसतो.

आणि मनापासून सांगू? रोजच्या गाडीला चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं ऑइल एवढ्यानेच बराच फरक पडतो. जाळीच्या होजने पेडल कडक लागतं, पण कडक पेडल म्हणजे गाडी लवकर थांबते असं नाही. शेवटी रस्त्याला धरतो तो टायरच.

[१३:४०] मग हरिहरेश्वरचं काय झालं?

गेलो की! एसटीने. पुतणीला खिडकीची जागा मिळाली, ती सगळ्यात खूश. दादा घाटभर गप्प होता, प्रत्येक उताराला ड्रायव्हरच्या पायाकडे बघत होता.

परत आल्यावर गाडी टो करून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याचा ब्रॅकेट कुठाय?" त्यांनी मूळ कॅलिपर आणि मूळ रबरी होज परत बसवले. लाल कॅलिपर दादाच्या कपाटात आहेत. योग्य लांबीचा, ब्रॅकेटमध्ये बसणारा होज मिळाला आणि कागदोपत्री परवानगी मिळाली तर बघू, असं तो म्हणतो. मात्र मूळ होज बसल्यावरही त्याने मला बोलावलं, स्टिअरिंगवर स्वतः बसला आणि म्हणाला, "चल, तुझ्या नऊच्या नऊ केसेस रन कर."

सगळ्या पास झाल्या.

तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या गाडीला मोठे ब्रेक बसवलेले असतील तर आज रात्री पार्किंगमध्ये एवढंच करा: स्टिअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करा, टॉर्च लावा, वाका. पाच मिनिटं लागतात. आणि काही चमकताना दिसलं तर गाडी तिथेच राहू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सावकाश चालवा!